हात बसला की बग तुमचा राहत नाही

मला आलेला प्रश्न असा आहे. तिघांची टीम आहे. गच्च्यांवरून उड्या मारत पार्सल पोचवणाऱ्या एका पोराचा मोबाइलवरचा टूडी गेम तयार होतोय आणि लाँचला तीन आठवडे उरलेत. पोरगा भिंतीच्या कोपऱ्याला घासत वर जात असताना नेमक्या क्षणी पुन्हा जंप दाबला, तर हवेतल्या हवेत एक जादा उडी मिळते. ही उडी कुणी ठरवून दिलेली नाही, सरळसरळ बग आहे, म्हणजे कोडमधली चूक. पण टेस्टर मंडळींना सगळ्यांत जास्त तीच आवडली. प्रोग्रामर म्हणतो काढून टाकू, चित्रं काढणारी म्हणते हात लावू नका. गेममध्ये रोजच्या वेळांचा लीडरबोर्डही आहे, म्हणजे कुणी किती कमी वेळात गेम पार केला याची क्रमवारी. काय करावं?

उत्तर आधीच देऊन टाकतो: ठेवा, पण आत्ता आहे तसा नको. बग ठेवायचा म्हणजे त्याला दत्तक घ्यायचं. नाव द्यावं लागतं, खर्च उचलावा लागतो, आणि उद्या त्याने खोड्या केल्या तर 'हा आमचा नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत. नुसतं 'लोकांना आवडलंय, राहू दे' म्हणून सोडून दिलेला बग वर्षभरात तुमच्या डोक्यावर बसतो. मी 17 वर्षं गेमप्लेचा कोड लिहितोय आणि हे मी एकदा चांगलंच भोगलंय. ते पुढे येईलच.

सगळ्यात आधी कारण शोधा. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे. पायाखाली जमीन आहे का हे तपासणारी चौकट पोराच्या अंगापेक्षा किंचित रुंद असणार. गच्चीच्या अगदी कडेला उभं असताना तो 'हवेत आहे' असं धरलं जाऊ नये, म्हणून आपण ती रुंद करतो. मग तो भिंतीला घासत वर गेला की चौकटीची बाजू भिंतीच्या वरच्या कडेला टेकते, कोडला वाटतं की जमीन लागली, आणि उडीची परवानगी मिळते. हा बग मी स्वतः किमान तीन गेममध्ये लिहिला आहे. कारण वेगळं निघालं तरी हरकत नाही, पण ते कळेपर्यंत ठेवायचं की काढायचं याची चर्चाच करू नका. कारण माहीत नसलेला बग ठेवलात, तर पुढच्या महिन्यात दुसरंच काहीतरी दुरुस्त करताना तो आपोआप मरेल आणि तुम्हाला कळणारही नाही. खेळणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कळेल.

अशा चर्चेत पहिलं उदाहरण नेहमी 'स्पेस इन्व्हेडर्स'चं येतं. 1978 चा गेम, पडद्यावर 55 परग्रहवासी. ते मरत जातात तसं प्रोसेसरचं काम हलकं होतं आणि उरलेले वेगाने सरकायला लागतात. तो बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांच्या ते लक्षात आलं, खेळ हळूहळू अवघड होत जातो हे त्यांना आवडलं आणि त्यांनी ते राहू दिलं. गोष्ट छान आहे, पण तुमच्या कामाची नाही. ते यंत्र म्हणजे नाणं टाकून खेळायची एक पेटी होती. जपानभर जिथे जिथे ती ठेवली, तिथे आत तोच प्रोसेसर, त्यामुळे वेगही सगळीकडे सारखाच. तुमचा गेम शेकडो प्रकारच्या फोनवर चालणार आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्यापेक्षा 1991 चा 'स्ट्रीट फायटर 2' बघा. तो बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीचे नोरिताका फुनामिझु बग तपासत असताना गाडी फोडायच्या बोनस फेरीत त्यांना दिसलं, की एका फटक्याचं ॲनिमेशन पुरं व्हायच्या आत दुसरा फटका घुसवता येतोय. ठरवून ठेवलेली गोष्ट नव्हती ती. वेळ इतकी नेमकी साधावी लागत होती, की सामान्य माणसाला हे जमेल असं त्यांना वाटलंच नाही. छुपी गंमत म्हणून राहू दिली. पोरांनी नाणी घालून घालून ती साधली, आणि आज सलग फटक्यांच्या ज्या साखळीला आपण 'कॉम्बो' म्हणतो तिचा एक मोठा उगम तिथे आहे.

या गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. 1993 च्या 'सुपर स्ट्रीट फायटर 2'मध्ये कॅपकॉमने किती फटके सलग बसले याचा आकडा पडद्यावर दाखवायला सुरुवात केली आणि त्याचे गुणही दिले. माझ्या लेखी दत्तकविधान त्या दिवशी झालं. दोन वर्षं ती खेळणाऱ्यांची चोरटी कला होती. पडद्यावर आकडा आल्यावर ती कंपनीची जबाबदारी झाली. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत कुठल्या फटक्यातून कुठला फटका निघू शकतो, याचा हिशेब डिझायनरला करणं भाग पडलं.

आता माझी कसोटी सांगतो. एखादा बग उपयोगी आहे का, हे मी विचारत नाही. उपयोगी तर तिजोरी उघडी राहणंही असतं. मी विचारतो, त्यावर हात बसावा लागतो का? तबल्यावर हात बसतो, पोळ्या लाटण्यावर बसतो, तसा. नुसतं कळलं म्हणजे जमलं असा जो बग असतो, तो एका व्हिडिओपुरता असतो. आज एकाला कळला की उद्या सगळ्यांना कळतो आणि परवा तो न वापरणारा मूर्ख ठरतो. तो काढा, आणि लवकर काढा. 2014 मध्ये 'डेस्टिनी' या गोळीबाराच्या ऑनलाइन गेममध्ये एक गुहा सापडली होती. ठरावीक अंतरावर उभं राहून तिच्या तोंडाकडे गोळ्या झाडत राहायचं, शत्रू येत राहायचे, मरत राहायचे, माल पडत राहायचा. कौशल्य शून्य. गेम बनवणाऱ्या बंजी कंपनीने काही आठवड्यांतच ती बंद केली. पण गंमत ओळखून ती आठवण जपली, 2021 च्या एका डंजनमध्ये त्याच गुहेवर सगळा खेळ रचला. बग काढून त्याची गोष्ट तेवढी ठेवता येते, हेही विसरू नका.

ज्या बगवर हात बसायला महिनाभर घासावं लागतं, तो वेगळा. तिथे खेळणाऱ्याने स्वतःचं काहीतरी गुंतवलेलं असतं.

क्रिकेटमध्ये हा निवाडा आधीच झालेला आहे. 1981 मध्ये मेलबर्नला ट्रेव्हर चॅपलने शेवटचा चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकला. नियमात बसत होतं, पण ते कुणालाही जमलं असतं. मार्ग बंद झाला. 2008 मध्ये केव्हिन पीटरसनने न्यूझीलंडविरुद्ध उभ्या उभ्या डावखुरा होऊन षटकार मारले. गोलंदाजांनी कुरकुर केली, पण क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने फटका वैध ठरवला. त्यांनी अवघडपणाचाही विचार केला होता. प्रत्येक गेम स्टुडिओत असा एक म्हातारा एमसीसी असायला हवा, असं मला कधी कधी वाटतं.

तरी हात बसण्याची कसोटी एकटी पुरत नाही, आणि इथे 'क्वेक' या गोळीबाराच्या गेमकडे यावं लागतं. 1996 च्या 'क्वेक'मध्ये जमिनीवर धावण्याचा कमाल वेग सेकंदाला 320 युनिट (युनिट म्हणजे गेममधलं अंतराचं माप). हवेत असताना वेग वाढू नये म्हणून कोडमध्ये तपासणी होती. पण ती तपासणी तुमचा एकूण वेग बघतच नव्हती. तुम्ही ज्या दिशेची कळ दाबली आहे, त्या दिशेने तुमच्या वेगाचा किती भाग पडतो, तेवढंच ती बघत होती. आता समजा तुम्ही सरळ पुढे उडताय आणि जवळजवळ काटकोनात, बाजूची कळ दाबलीत. त्या दिशेने तुमचा वेग जेमतेम काहीच नाही. कोड म्हणतो, 'अरे, हा तर थांबलेलाच आहे, दे थोडा वेग.' बाजूचा थोडा वेग मिळाला की कर्ण लांबतो, म्हणजे एकूण वेग वाढतो. माऊस हळूहळू वळवत प्रत्येक उडीत हा काटकोन जपत राहिलात की वेग वाढतच जातो. शाळेतला पायथागोरस, दुसरं काही नाही. 'क्वेक 3'मध्ये हाच प्रकार थोड्या वेगळ्या रूपात आला. लोक त्याला स्ट्रेफ-जंपिंग म्हणतात आणि तो शिकण्यात वर्षं घालवतात.

'क्वेक'चे मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांचं मत लोक विसरतात. त्यांनी 1999 मध्ये स्पष्ट म्हटलं होतं, की हा बगच आहे आणि लोकांनी घाम गाळून तो शिकून घेतला म्हणून तो योग्य ठरत नाही. त्यांनी दुरुस्ती करूनही पाहिली. पण त्या दुरुस्तीने साधं चालणं-उडणंही हाताला परकं वाटायला लागलं, म्हणून ती मागे घेतली. इथे प्रोग्रामर म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. तत्त्व एकीकडे आणि हाताला काय वाटतं ते दुसरीकडे, अशा तिढ्यात त्यांनी हाताचं ऐकलं.

पण 'क्वेक 3'मध्ये त्याला चिकटून आणखी एक भानगड होती. हालचालीचं गणित प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, व्हायचं आणि फ्रेमचा काळ पूर्ण मिलिसेकंदांत धरला जायचा. वेगाचे आकडेही पूर्णांकात बसवले जायचे. त्या छोट्या छोट्या पूर्णांकांची बेरीज काही ठरावीक फ्रेमरेटला तुमच्या बाजूने पडायची. त्यात सेकंदाला 125 फ्रेम प्रसिद्ध. 125 वर खेळणारा माणूस 60 वर खेळणाऱ्यापेक्षा उंच उडायचा, आणि काही ठिकाणी फक्त त्यालाच पोचता यायचं. म्हणजे चांगला संगणक घेणाऱ्याचे पाय लांब. पुढे सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी हालचालीचं गणित ठरावीक तुकड्यांत करायची सोय दिली गेली. एकाच गेममधले हे दोन बग शेजारी ठेवून बघा. एक हाताचा बग, तो राहिला आणि खेळाचा आत्मा झाला. दुसरा यंत्राचा बग, तो मुळात कुणाचंच कौशल्य नव्हता.

आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या स्टुडिओत मी पतंगांच्या पेचाचा मोबाइल गेम करत होतो. दोन खेळाडू ऑनलाइन. अंगठा खाली ओढला की खेच, सोडला की ढील. मांज्यावर ताण वाढत जातो, अति झाला की आपलाच तुटतो. लाँचनंतर काही दिवसांतच कुणीतरी शोधून काढलं, की अंगठ्याने भराभर टकटक केली तर समोरच्याचा मांजा घासला जातो, पण आपला ताण तेवढा वाढत नाही. पोरांनी त्याला नावही दिलं: 'टकटक'. चूक माझीच होती. समोरच्यावरचं घर्षण मी फोनने घेतलेल्या स्पर्शाच्या प्रत्येक नोंदीला मोजत होतो आणि स्वतःचा ताण प्रत्येक फ्रेमला. एका फ्रेममध्ये दोन-तीन नोंदी बसल्या की घर्षण दोन-तीनदा, ताण एकदाच.

आम्ही दोन महिने काहीच केलं नाही. आकडे चांगले होते, पोरं रात्र रात्र खेळत होती. मग तक्रारी वाढल्या म्हणून एका अपडेटमध्ये तो बग गुपचूप काढला आणि बदलांच्या यादीत लिहिलं 'किरकोळ दुरुस्त्या'. त्या दोन शब्दांनी जो संताप उसळला तो मी विसरलेलो नाही. एका तारेचे रिव्ह्यू आठवडाभर पडत होते. एकाने लिहिलं होतं, 'दोन महिने अंगठा झिजवला, तुम्ही म्हणता किरकोळ.' मी चिडलो होतो. माझा कोड, माझी चूक, मी सुधारली, यात यांना काय विचारायचं? पुढे कळलं की तो कोड माझा असला तरी अंगठा त्यांचा होता.

आणि तरीही, आधी तक्रार करणारेही खरं बोलत होते. आम्ही ऑफिसातले सगळे फोन टेबलावर मांडून टकटक करून बघितली. महागडे फोन स्पर्शाची नोंद जास्त वेळा घेत होते. स्वस्त फोनवर तोच अंगठा, तेवढीच मेहनत आणि निम्मा परिणाम. म्हणजे आमच्या टकटकमध्ये 'क्वेक 3'चे दोन्ही बग एकत्र कालवले गेले होते, आणि ते वेगळे न करता आम्ही आधी दोन्ही ठेवले, मग दोन्ही काढले. दोन्ही वेळा चूक.

शेवटी सहा आठवडे घालून ती चाल नव्याने लिहिली. टकटक घड्याळाच्या ठरावीक तुकड्यांत मोजायची, एका सेकंदात एका मर्यादेपलीकडच्या स्पर्शांना किंमत नाही, म्हणजे फोन कुठलाही असो. टकटक करणाऱ्याचा मांजाही हळूहळू झिजणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरच्याने नेमक्या वेळी लांब ढील दिली तर टकटक करणाराच कटणार. खऱ्या पेचात ढीलवाला खेचणाऱ्याला असाच घुमवतो, हे आमच्यातल्या एकाला लहानपणापासून माहीत होतं. विचारलं कुणी नव्हतं, एवढंच. नाव पोरांनी दिलेलंच ठेवलं. गेम सावरला. पण गेलेले सगळे परत आले नाहीत.

ढीलचा मुद्दा मुद्दाम सांगितला, कारण दोघे आमनेसामने असतील तर हात बसण्याइतकंच समोरच्याकडे काही उत्तर आहे का हेही बघावं लागतं. 'डोटा 2' या सांघिक लढाईच्या गेमच्या 2013 च्या 'इंटरनॅशनल' स्पर्धेत नावी संघाने टाँगफू संघाविरुद्ध पज आणि चेन या दोन हीरोंची, म्हणजे पात्रांची, जोडी लावली. पज आपला आकडा फेकतो, आणि तो आकडा शत्रूला ओढून आणत असतानाच चेन पजला घरच्या कारंज्यापाशी पाठवतो. शत्रू मैदानाच्या मधून थेट नावीच्या कारंज्यात येऊन पडतो आणि क्षणात मरतो. वेळ साधायला अफाट कसब लागत होतं, प्रेक्षागृह वेडं झालं होतं. तरी गेमची मालक कंपनी व्हॉल्व्हने नंतर ते काढलं, आणि मला ते पटतं. आकडा लागल्यावर त्या बिचाऱ्याने करायचं काय? बघत बसायचं. 2014 च्या ड्रीमहॅक विंटर स्पर्धेत फनॅटिक संघाने 'काउंटर-स्ट्राइक' या गोळीबाराच्या गेमच्या ओव्हरपास नकाशावर एकमेकांच्या खांद्यांवर चढून जी जागा गाठली, तिची गत त्याहून वाईट. तिथून सगळं मैदान दिसायचं आणि समोरून मारलेल्या गोळ्या काही बाजूंनी लागायच्याच नाहीत. समोरच्या एलडीएलसी संघाने तक्रार केली, गदारोळ झाला, शेवटी फनॅटिकने सामना सोडून दिला. या जागेबद्दल 'ठेवावी' असं मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही.

तुमच्या गेममध्ये समोरासमोर कुणी नाही, हे तुमचं नशीब. एकट्याच्या खेळात मी फार सैल असतो. 'सुपर मारिओ 64'मध्ये उलट्या दिशेने लांब उड्या मारत मारिओचा वेग अमर्याद वाढवता येतो आणि न चढता येणारे जिने पार करता येतात. निन्तेन्दोने 1997 च्या जपानी शिंदोउ आवृत्तीत ते बंद केलं. जुन्या मारिओ गेमांच्या 2020 च्या संग्रहात तीच आवृत्ती घातली, त्यामुळे त्या संग्रहात ती युक्ती चालत नाही. स्पीडरन करणारे, म्हणजे कमीत कमी वेळात गेम संपवायची चुरस लावणारे, जुन्या कार्ट्रिजलाच चिकटून राहिले. याउलट 2011 मध्ये 'ऑकरिना ऑफ टाइम' हा जुना गेम थ्रीडीएस या हातातल्या यंत्रावर नव्याने बांधताना, ज्या बगनी खेळ अडत नाही आणि लोकांना गंमत येते ते जमेल तसे जपले, असं निन्तेन्दोनेच प्रसिद्ध केलेल्या मुलाखतीत सांगितलेलं आहे. कंपनी तीच, निर्णय दोन. दुसरा मला जास्त शहाणा वाटतो.

कधी कधी बग म्हणजे खेळणाऱ्यांचा निरोप असतो. 2015 च्या आधी 'वॉरफ्रेम' या लढाईच्या ऑनलाइन गेममध्ये लोक ड्युअल झोरेन ही कुऱ्हाडींची जोडी घेऊन फिरायचे. मारायला नव्हे. ती फिरवत उडी मारली की माणूस तोफेच्या गोळ्यासारखा पुढे फेकला जायचा. त्याला कॉप्टरिंग म्हणत. सगळे एकच शस्त्र घेऊन हिंडताहेत म्हटल्यावर बाकी शस्त्रं धूळ खाणार. टीमने कॉप्टरिंग काढलं, पण त्याच अपडेटमध्ये प्रत्येकाला बुलेट-जंप दिली, कुठल्याही शस्त्रासह. त्यांनी निरोप वाचला होता: लोकांना कुऱ्हाडी नको होत्या, वेग हवा होता. 'पबजी'त सुरुवातीला खिडकीतून आत जायला जंप आणि क्राउच (वाकायची कळ) एकदम दाबायची कसरत करावी लागे. 2017 च्या डिसेंबरात चढून ओलांडायची सोय आली आणि ती कसरत कुणाला आठवेनाशी झाली. तुमच्या टेस्टरांनाही विचारा, त्या कोपऱ्यावर नक्की काय आवडतं. जादा उंची आवडत असेल तर साधी दुहेरी उडी द्या आणि बग विसरा. 'निसटता निसटता सावरलो' हा जो झटका बसतो तो आवडत असेल, तर मात्र दुहेरी उडीने तो मरेल.

थोडं विषयांतर, पण आपल्याकडे हा विषय निघाला की गांधीजी येतातच. 'सिव्हिलायझेशन' या साम्राज्य उभारायच्या गेममध्ये गांधींची आक्रमकता 1 होती, लोकशाही आल्यावर त्यातून 2 वजा झाले, उणे आकडा मावत नसल्याने तो उलटून 255 झाला आणि गांधी अणुबॉम्ब टाकायला लागले, ही कथा मी कॉलेजांत व्याख्यान द्यायला जातो तिथे दर वेळी कुणीतरी सांगतं. गेमचे जनक सिड मायर यांनी 2020 च्या आपल्या आठवणींत ती साफ नाकारली आहे. असा बग नव्हताच. पण 2010 च्या 'सिव्हिलायझेशन 5'मध्ये मात्र गांधींचा अणुबॉम्बचा कल मुद्दाम, विनोद म्हणून, बाकी सगळ्यांपेक्षा वर ठेवला होता. न झालेला बगसुद्धा फीचर होऊ शकतो, इतकी लोकांना या प्रकाराची हौस आहे.

दत्तक घेण्याचा खर्च बघायचा तर 'माइनक्राफ्ट'चा पिस्टन, म्हणजे ठोकळे ढकलणारा ठोकळा, बघा. संगणकावरच्या मूळ जावा आवृत्तीत पिस्टनला थेट वीज न देता त्याच्या वरच्या रिकाम्या जागेला मिळेल अशी दिली तरी तो चालू होतो. दरवाजा दोन घरं उंच असतो, त्याचा हा नियम पिस्टनला चिकटला. लोकांनी बग म्हणून कळवलं, आणि अखेर 'ठरल्याप्रमाणे चालतंय' असा शेरा पडला, कारण तोवर रेडस्टोन या गेममधल्या विजेवर चालणारी हजारो यंत्रं त्यावर उभी होती. फोन आणि कन्सोलवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत तो प्रकार नाही. त्यामुळे एकीकडे बांधलेलं यंत्र दुसरीकडे तसंच्या तसं चालेल याची खात्री नाही, आणि नव्या मुलाला हे समजावताना जुन्यांची पुरेवाट होते. गेम बनवणाऱ्या मोयांगचा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. पण उद्या तुमचा गेम आयफोनवर न्यायचा झाला तर तुम्हालाही कोपरा-उडी तिथे हुबेहूब उतरवावी लागेल, तेही इंजिन कदाचित वेगळं वागत असताना. त्यासाठी ती उडी आजच अपघातातून बाहेर काढा.

म्हणजे नक्की काय करायचं? उडीची परवानगी जमिनीच्या तपासणीतून मिळतेय, ती तिथून तोडा. कोपऱ्याची तपासणी वेगळी लिहा, तिला स्वतःचं नाव द्या. ती फ्रेमच्या हिशेबात नको, सेकंदांच्या हिशेबात हवी. गेम युनिटी या इंजिनवर बांधत असाल आणि सेटिंग बदललेलं नसेल, तर भौतिकीचं गणित सेकंदाला 50 वेळा होतं आणि कळ दाबल्याची नोंद मात्र फ्रेमगणिक होते. बहुतेक तुमचा बग या दोहोंच्या फटीतच कुठेतरी जगतोय. आज ती संधी एखाददोन फ्रेमची असेल, तर 60 फ्रेमच्या फोनवर आणि 30 वर धापा टाकणाऱ्या फोनवर ती वेगवेगळी आहे. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवून बघा आणि टेस्टरांच्या हाताला विचारा. एका भिंतीवर एकदाच मिळेल, असं बंधनही घाला. नाहीतर कुणीतरी एकाच कोपऱ्यावर टिचक्या मारत आकाशात जाईल.

संधी वाढवली की कसब कमी होईल अशी भीती तुमच्या आर्टिस्टला वाटेल. 'सेलेस्ट' या उड्यांच्या गेमवाल्यांनी काय केलं ते तिला दाखवा. त्यात वाकून डॅश, म्हणजे झपकन झेप, मारण्याची एक चाल खेळणाऱ्यांनी शोधली होती, पण तिच्यासाठी कळांशी फार विचित्र झटापट करावी लागायची. नंतरच्या अपडेटमध्ये टीमने तिला चक्क वेगळं बटण नेमायची सोय दिली. कळ दाबणं सोपं झालं, ती कधी आणि कुठे वापरायची हे अवघडच राहिलं. अवघडपणा बोटात ठेवायचा की डोक्यात, हा निर्णय तुमचा आहे. मी डोक्यात ठेवला असता.

मग एक रविवार काढून सगळ्या लेव्हल या उडीसह खेळा. शॉर्टकट सापडले तर आनंदाने राहू द्या. पण जिथे पोरगा चित्राच्या बाहेर जाऊन कायमचा पडत राहतो, किंवा पार्सल न घेताच दार ओलांडतो, ती ठिकाणं बुजवा. एक आपोआप चालणारी चाचणी लिहा, जी गेमच्या दर नव्या बिल्डला हीच उडी 30, 60 आणि 120 फ्रेमवर मारून उंची सारखी येते का ते बघेल. प्रोग्रामरला हे काम दिलंत तर त्याचा निम्मा विरोध तिथेच मावळेल. त्याचा आक्षेप बहुधा उडीला नसून 'काय होतंय ते माहीत नाही' याला आहे, आणि तो रास्त आहे.

लीडरबोर्ड लाँचच्या दिवशी कोरा करा. टेस्टरांच्या वेळा जुन्या, अपघाती उडीवरच्या आहेत, त्या पुसताना त्यांना आधी सांगा आणि कारणही सांगा.

आणि तीन आठवड्यांत हे बसत नसेल, तर लाँचला उडी नसलेली बरी. आत्ता तिच्यावर टेस्टरांचाच हात बसलाय, त्यांना चहा पाजून समजावता येईल. उडी नंतर दोन महिन्यांनी नीट घडवून द्या, लोक भेट म्हणून घेतील. उलट क्रम लावलात, म्हणजे आधी दिली आणि मग काढली, तर काय होतं ते वर पतंगात सांगितलंय.

शिकवणीच्या लेव्हलमध्ये मात्र ती घालू नका. तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला एका उंच भिंतीच्या वर एक पार्सल ठेवा, साध्या उडीने बोटभर कमी पडेल असं. भिंतीचा कोपरा थोडा झिजलेला, रंग उडालेला काढायला सांगा, ते काम तुमच्या आर्टिस्टचं. दहातले दोघे पहिल्याच दिवशी तिथे अडून बसतील आणि मित्राला फोन करून विचारतील.